धावण्याची तालीम

आपल्या बॅचच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला जो पहिला निरोप येतो तो हल्ली सुप्रभाताचा नसतो, किलोमीटरचा असतो. कोणी पाच, कोणी दहा, जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की कोणी एकवीस. पीटीच्या तासाला ज्यांच्या हमखास पोटात दुखायचं, तीच मंडळी आज बुटांच्या किमतींवर तावातावाने बोलतात. आणि ठरावीक दिवसांनी एक वाद उगवतो. कोणाची तरी वेळ चांगली आली की एकजण लिहितो, "त्याचं सोडा रे, तो मुळातच धावणारा." त्यावर दुसरा, "मुळात वगैरे काही नसतं, शिस्त लागते." मग चाळीस निरोप. शेवटी कोणीतरी मिसळीचा फोटो टाकतं आणि वाद तिथल्या तिथे विरतो.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला माझ्या धावण्याविषयी लिहायला सांगितलं होतं. त्यात लिहिण्याजोगं फारसं नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या बाईने डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू केलेलं ते धावणं. पण ग्रुपवरच्या या वादाला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा प्रसंग पुण्यात, डेक्कन जिमखान्यावर घडला, हे वाचलं तेव्हापासून ते तुम्हाला सांगायचं होतं. विशेषतः आपल्या सरांना आणि बाईंना, कारण या गोष्टीत शिकवणाऱ्यांचा भाग मोठा आहे.

डेक्कन जिमखाना १९०६ साली सुरू झाला. १९१९ साली तिथल्या मैदानी स्पर्धांना अध्यक्ष या नात्याने सर दोराबजी टाटा हजर होते. जमशेटजींचे थोरले चिरंजीव, केंब्रिजला शिकलेले, खेळांचे मनापासून शौकीन. त्या दिवशी त्यांनी काय पाहिलं, ते त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं आहे. स्पर्धेचं मुख्य आकर्षण होतं सुमारे पंचवीस मैलांची दौड. धावणारे बहुतेक शेतात राबणारे, साधंसुधं खाऊन राहणारे. युरोपातले नियम किंवा सरावाच्या नव्या पद्धती त्यांच्या कानावरही गेल्या नव्हत्या. खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवरून ते अनवाणी धावले. आणि तरीही पहिल्या काही जणांच्या वेळा परदेशातल्या धावपटूंच्या पंगतीला बसतील अशा होत्या.

या पत्रातली मला आवडलेली गोष्ट अशी की टाटा नुसतेच थक्क होऊन थांबले नाहीत. 'काय ही देवाची देणगी' म्हणून टाळ्या वाजवून घरी गेले असते तर आज त्या दौडीची आठवण कोणाला राहिली नसती. त्यांनी हिशेब असा मांडला की न शिकता, न खाता हे एवढं धावतात, तर नीट आहार आणि जाणकार शिक्षक मिळाल्यावर काय करतील? यांच्यातले तिघे १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवायची तयारी त्यांनी दाखवली. तीन धावपटूंच्या त्या प्रस्तावातून पुढे पुरा संघ पाठवायचा उत्साह पुण्या-मुंबईत उसळला.

उत्साह होता, पण माहितीचा आनंदच होता. निवडीच्या वेळचा एक किस्सा सांगितला जातो. १०० मीटर धावायला ऑलिंपिकमध्ये साधारण किती वेळ चालेल, असं विचारल्यावर समितीतल्या एका वजनदार गृहस्थांनी उत्तर दिलं, एक-दोन मिनिटं. इथे प्रश्न मिनिटांचा नसून सेकंदाच्या दहाव्या भागाचा आहे, हे कळल्यावर ते चकित झाले म्हणे. किस्सा हसण्यासारखा आहे, पण मला तो सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. पळणारी पोरं होती, पैसे घालणारा दाता होता. त्या दोघांच्या मधली जागा, म्हणजे वेळ मोजणारा, चुका दाखवणारा, उद्या किती पळायचं आणि कधी अजिबात पळायचं नाही हे सांगणारा माणूस, ती रिकामी होती.

सहा खेळाडू जूनमध्ये मुंबईहून बोटीने निघाले. धावणारे चौघे: बंगालचे पूर्मा बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि एच. डी. कैकाडी. कुस्तीगीर दोघे: कुमार नवले आणि रणधीर शिंदे. वाटेत इंग्लंडमध्ये काही आठवडे सराव झाला. २२ ऑगस्ट १९२० ला पावसाळी, गार हवेत मॅरेथॉन झाली. अँटवर्पचा तो मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, ऑलिंपिकच्या इतिहासातला सर्वांत लांब. दातार शर्यत पुरी करू शकले नाहीत. चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत.

एकोणिसावे म्हटल्यावर आपण पान उलटतो. जरा थांबा, आकडेमोड करून बघा. माझा तो धंदाच आहे. ही वेळ किलोमीटरला जवळजवळ नेमकी चार मिनिटं पडते. आजच्या ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनला त्याच गतीने लावलं तर २ तास ४८ मिनिटं. आपल्या ग्रुपमध्ये घड्याळ, जेल, फोमचे बूट, सगळं बाळगून किलोमीटरला सात मिनिटं आली की पेढे मागवले जातात. पहिल्या आलेल्या फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेनने २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंद घेतले. म्हणजे चौगुल्यांना दर किलोमीटरमागे पंचवीसेक सेकंद कमी पडले. चार मिनिटांतले पंचवीस सेकंद म्हणजे रक्तात असणं-नसणं म्हणावं एवढा फरक नव्हे. वर्षानुवर्षांचा नेमका सराव नेमकं असलंच अंतर भरून काढतो.

आणि त्याच स्टेडियममध्ये, त्याच आठवड्यात, दुसरा एक गरीब घरचा मुलगा धावत होता. पाव्हो नुर्मी. तुर्कू गावचा, बारा-तेरा वर्षांचा असताना वडील गेले, शाळा सुटली, सामानाचे हातगाडे ढकलायचं काम करू लागला. अँटवर्पमध्ये त्याने तीन सुवर्णपदकं आणि एक रौप्य मिळवलं. नुर्मी आणि चौगुले यांच्या घरची स्थिती फार वेगळी होती असं मला वाटत नाही. वेगळं होतं ते गाव. फिनलंडमध्ये १९१२ सालीच कोलेहमाइनेनने स्टॉकहोममध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली होती. त्याच्याकडे पाहून पोरं धावू लागली होती, त्यांना क्लब होते, सरावावर विचार करणारे, लिहिणारे लोक होते. नुर्मी पुढे तर हातात स्टॉपवॉच घेऊनच धावे. शर्यतीत बाजूला कोण आहे याकडे न बघता तो काट्याकडे बघे. त्याला लोक 'अद्भुत' म्हणत, पण त्याच्या हातातलं घड्याळही सगळ्यांना दिसत होतं.

'उपजत' हा शब्द कोण कोणासाठी वापरतं, हे बघण्यासारखं आहे. लंडनमध्ये १८६६ साली हौशी धावपटूंचा क्लब निघाला तेव्हा 'हौशी' कोण याच्या व्याख्येत कारागीर, यांत्रिकी काम करणारा आणि मजूर यांना जागा नव्हती. १८८० मध्ये इंग्लंडची नवी संघटना झाली तेव्हा कुठे ही अट गेली. अट गेली, पण वृत्ती राहिली: सभ्य माणसाने घाम गाळल्याचं दिसू द्यायचं नाही, चहा पिऊन उठावं आणि शर्यत जिंकावी. १९५४ साली चार मिनिटांच्या आत मैल धावणारा रॉजर बॅनिस्टर, तो वैद्यकीचा विद्यार्थी, त्याचीही गोष्ट बरीच वर्षं अशीच सांगितली गेली की अभ्यासातून वेळ काढून सहज धावला. प्रत्यक्षात तो जेवणाच्या सुट्टीत ४४० यार्डांची धाव दहादा काढत असे, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती घेऊन, आणि काही महिन्यांत त्या प्रत्येक फेरीची वेळ त्याने ६६ सेकंदांवरून ५९ वर आणली होती. वेळ थोडा दिला, पण तो वाया घालवला नाही.

म्हणजे साहेबाच्या बाबतीत 'उपजत' म्हणजे मेहनत लपवणं. शेतकऱ्याच्या बाबतीत 'उपजत' म्हणजे त्याची मेहनत आपल्याला न दिसणं. आपण दुसऱ्या प्रकारात तरबेज आहोत.

आपल्या वर्गात वाडीवरून येणारी एक मैत्रीण होती. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही, पण तुम्ही ओळखलं असेल. स्नेहसंमेलनाआधीच्या स्पर्धांत ती सगळ्या शर्यती जिंकायची आणि आम्ही मुली म्हणायचो की हिचे पायच तसले. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले होते तेव्हा मी तिला विचारलं, तू धावायला शिकलीस कुठे? ती हसायलाच लागली. "अगं, शिकायचं काय त्यात? सकाळी विहिरीच्या दोन खेपा झाल्या की शाळेला उशीर व्हायचा. मग पळत यायचं. बाई छडी घेऊन उभ्या असायच्या ना फाटकात!" वाडी ते शाळा साडेचार किलोमीटर, येऊन-जाऊन नऊ. आठवड्याचे सहा दिवस, पाचवी ते दहावी. त्यातलं निम्मं जरी ती पळाली असेल तरी वर्षाचे हजारभर किलोमीटर झाले. आजच्या भाषेत याला भरपूर पायाभूत सराव म्हणतात. फक्त तो कोणी मोजत नव्हतं, आणि पुढे नेणारंही कोणी नव्हतं. दहावीनंतर शाळा संपली आणि तिचा सरावही संपला.

तिच्यासाठी शर्यत तरी कुठे होती म्हणा. आपल्या काळात मुलींची सर्वांत लांब शर्यत ४०० मीटरची. हे आपल्याच शाळेचं नव्हे, जगाचंच होतं. १९२८ साली अँम्स्टरडॅमला स्त्रियांची ८०० मीटर धाव प्रथमच ठेवली. शेवटी काही जणी दमून आडव्या झाल्या आणि त्यावरून एवढा गहजब झाला की ती शर्यतच काढून टाकली, ती १९६० पर्यंत. धावून दमलेले पुरुष आडवे होतातच, त्यांच्या शर्यती कोणी काढल्या नाहीत. स्त्रियांची ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ ची, म्हणजे आपण बालवाडीच्या आसपास असतानाची. ज्या शर्यती ठेवल्याच नाहीत त्यांतली प्रतिभा कोणाला, कशी दिसणार होती?

आता अँटवर्पच्या त्या बोटीवरच्या कुस्तीगिरांकडे येऊ. रणधीर शिंदे फेदरवेट गटात एक कुस्ती जिंकून उपांत्य फेरीपर्यंत गेले आणि चौथे आले, पदकाच्या उंबरठ्यावरून परतले. गटात मल्ल मोजकेच होते, हे मान्य. तरी गादीवरची, परक्या नियमांची कुस्ती आणि चौथा क्रमांक ही लहान गोष्ट नाही. कुस्तीगीर एवढे पुढे गेले आणि धावणारे का नाही, याचं उत्तर मला कोल्हापुरात सापडतं. कुस्तीला तालीम होती. वस्ताद होता. जोर-बैठका, लढती, मालिश, खुराक, झोप, सगळ्याला वेळापत्रक होतं. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला होता, खासबागेचं मैदान १९१२ सालचं. पैलवानाच्या पोराला कोणी 'याला कुस्ती उपजत येते' म्हणून तालमीबाहेर ठेवत नाही. अंग चांगलं दिसलं तर उलट लवकर आत ओढतात. तालीम हा शब्द आपण कुस्तीला वापरतो, नाटकाला वापरतो, गाण्याला वापरतो. धावण्याला वापरत नाही. पळणं काय, कोणालाही येतं.

या तालमीच्या जोरावरच खाशाबा जाधव उभे राहिले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, मॅटची सवय नसताना सहावे आले. उपजत म्हणून समाधान मानायचं असतं तर तेवढ्यावर चालून गेलं असतं. चार वर्षं त्यांनी तयारी केली. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच हेलसिंकीत आपले सुरतसिंग माथुर मॅरेथॉन धावले, ५२ वे आले, २ तास ५८ मिनिटांत. म्हणजे चौगुल्यांना ३२ वर्षं उलटून गेली होती आणि आपला मॅरेथॉनपटू त्यांच्याहून कमी अंतराला जास्त वेळ घेत होता. माथुरांना दोष देण्यात अर्थ नाही. तालीम नव्हती ती नव्हतीच.

हेलसिंकीची ती मॅरेथॉन जिंकली चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने. त्याआधी त्याच आठवड्यात ५,००० आणि १०,००० मीटरची सुवर्णपदकं त्याने घेतली होती आणि मॅरेथॉन आयुष्यात पहिल्यांदा धावत होता. हा गडी झ्लिनच्या बाटा कारखान्यातला कामगार. हो, तोच बाटा, ज्याचे पांढरे कॅनव्हास आपण शनिवारी पीटीसाठी खडूने घासून आणायचो. १९४१ मध्ये कारखान्याच्या शर्यतीत त्याला जबरदस्तीने उतरवलं, त्याला धावायचं नव्हतं. त्याची धावायची ढब इतकी वेडीवाकडी की मान एकीकडे, चेहऱ्यावर कळा. उपजत म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पण ४०० मीटरची जलद फेरी, थोडं हळू पळणं, पुन्हा जलद फेरी, असं तो वीसदा, चाळीसदा करी. लष्करात गेल्यावर बूट घालून बर्फात करी.

याउलट इथिओपियाचा अबेबे बिकिला. १९६० साली रोमला अनवाणी धावून त्याने मॅरेथॉन जिंकली आणि जगभर 'निसर्गाचं लेकरू' झाला. खरी हकीकत साधी आहे. मिळालेले नवे बूट पायाला नीट बसेनात, म्हणून त्याने ते काढून ठेवले. तो बादशहाच्या रक्षक दलातला शिपाई होता आणि ओन्नी निस्कानेन नावाचा स्वीडिश प्रशिक्षक त्याच्याकडून पद्धतशीर तयारी करून घेत होता. चार वर्षांनी टोकियोत बूट घालून तो पुन्हा जिंकला, आणखी तीन मिनिटं कमी घेऊन. अनवाणी पाय फोटोत आले. निस्कानेन आला नाही.

रोमच्या त्याच मॅरेथॉनमध्ये तिसरा आला बॅरी मॅगी, न्यूझीलंडचा. इथे मला सगळ्यांत जास्त थांबायचं आहे, कारण या गोष्टीतला गुरू आपल्यासारखाच साधा नोकरदार होता. आर्थर लिडियार्ड ऑकलंडमध्ये जोड्यांच्या कारखान्यात काम करायचा. तरुणपणी एका मित्राबरोबर पळताना धाप लागली, तेव्हा तब्येत किती बिघडली आहे हे त्याला कळलं. मग त्याने स्वतःवरच प्रयोग सुरू केले. आठवड्याला कधी खूप कमी, कधी भयंकर जास्त, कधी सावकाश, कधी जोरात. काय केल्याने काय होतं ते बघत गेला. काही वर्षांनी उत्तर हाती आलं: आधी महिनोन्‌महिने बेताच्या गतीने लांब पळायचं, आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, मग टेकड्या, मग शेवटी वेग. शेजारपाजारची, क्लबातली पोरं त्याच्यामागे लागली. त्याच्या मुलांची दर रविवारची दौड वायटाकेरे डोंगरातली, २२ मैलांची. ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललाही ती चुकत नसे. दोन मिनिटांच्या शर्यतीसाठी ३५ किलोमीटर कशाला, असं लोक हसत.

२ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये स्नेलने ८०० मीटर जिंकली आणि तासाभरात मरे हालबर्गने ५,००० मीटर. हालबर्गचा डावा हात रग्बीतल्या दुखापतीने कायमचा अधू झालेला होता. एका लहानशा देशातल्या एका गावातला एक जोडे बनवणारा माणूस, आणि त्याचे तीन चेले एकाच ऑलिंपिकमध्ये पदकं घेऊन आले. त्या गावात योगायोगाने असामान्य पोरं जन्मली होती असं मानायचं, की प्रत्येक गावात अशी पोरं असतात आणि त्या गावात लिडियार्ड होता असं मानायचं? मी दुसरं मानते. आपल्या जवळचंच उदाहरण नाशिकचं आहे. विजेंदर सिंग नावाचे प्रशिक्षक तिथे बसले आणि आदिवासी पाड्यावरून आलेली कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. मागोमाग संजीवनी जाधव आली, मोनिका आथरे आली. पाडे आधीही होते, डोक्यावरचे हंडे आधीही होते.

मुलांसाठी आपल्याकडे धावण्याची खरी तालीम राहिली ती लष्कराची. शिवनाथ सिंग लष्करातले. त्यांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन काढली, आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज पाच-सहा किलोमीटर तुडवायचा, पण धावपटू झाला तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर, सियाचिनसारख्या ठिकाणी नोकरी करून आल्यानंतर. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला स्टीपलचेसचं सुवर्ण त्याचं पाच शतांश सेकंदांनी हुकलं. त्याची शाळेची वाट आणि आपल्या मैत्रिणीची वाट सारखीच होती. तिला भरती होता आलं नसतं एवढंच.

तर मग उपजत काहीच नसतं का? असतं, आणि इंजिनिअर म्हणून आकडे मला डोळ्यांआड करता येत नाहीत. १९९० च्या दशकात क्लोद बुशार यांच्या गटाने एक मोठा अभ्यास केला. व्यायामाची सवय नसलेल्या ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांकडून २० आठवडे एकाच पद्धतीने सायकलचा व्यायाम करून घेतला. शरीराची प्राणवायू वापरायची क्षमता सरासरी वाढली, पण माणसामाणसांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. काहींची भरघोस वाढली, काहींची जवळजवळ ढिम्म. आणि या फरकातला निम्म्याच्या जवळपास वाटा आनुवंशिक निघाला. म्हणजे सरावाला शरीर किती दाद देतं, हेही काही अंशी जन्मासोबत येतं. ग्रुपवरच्या 'मुळातच' गटाला ही मोठी रसद आहे, खुशाल वापरा. पण त्यातली मेख बघा: कोणाचं शरीर दाद देणार, हे सरावाला बसवल्याशिवाय कळतच नाही. वीस आठवडे आधी ते सगळे सारखेच दिसत होते.

आपल्या वयाच्या लोकांसाठी आर्थर न्यूटनची गोष्ट सांगून टाकते. नाताळ प्रांतातला हा शेतकरी, जमिनीवरून सरकारशी त्याचं भांडण. आपल्याकडे लक्ष वेधून घ्यायला काय करावं, तर प्रसिद्ध व्हावं. आणि प्रसिद्ध व्हायला धावावं, असं त्याने ठरवलं. १९२२ च्या जानेवारीत सराव सुरू केला तेव्हा वय ३८. पाच महिन्यांनी कॉम्रेड्सची नव्वदेक किलोमीटरची शर्यत जिंकली. एकूण पाचदा जिंकली. सावकाश, पण भरपूर पळा, हा त्याचा मंत्र. आज महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी जण कॉम्रेड्सला जातात. आपल्यातलेही दोघे तयारीत आहेत. जमिनीचं भांडण मात्र न्यूटन जिंकला नाही.

आता कामाचं. मेळाव्याच्या निधीतून रक्कम उरणार आहे आणि शाळेच्या नावाने दरवर्षी खुली दौड ठेवावी, पहिल्या तिघांना रोख बक्षिसं द्यावीत, अशी सूचना आली आहे. सूचना चांगल्या मनाने आली आहे, पण माझा तिला विरोध आहे. शर्यत म्हणजे १९१९ चा डेक्कन जिमखाना. कोण आधीच तयार आहे तेवढं त्यात दिसतं. बक्षीस नेणारा दुसऱ्या जिल्ह्यातून मोटारसायकलवर येईल, पाकीट घेऊन जाईल. त्याच पैशांत आठवी-नववीची बारा मुलं, त्यांतल्या निम्म्या मुली, वर्षभर सांभाळता येतील. आठवड्यातून तीन सकाळी येणारा प्रशिक्षक, त्याचं मानधन. धावून झाल्यावर अंडी, केळी, शेंगदाणे-गूळ. वर्षाला दोन जोड बूट. आणि एक जाड वही, जिच्यात प्रत्येकाची वेळ लिहिली जाईल. आपल्या वेळी लांब शर्यतीत फक्त नंबर लिहायचे, वेळ नाही. त्यामुळे आपली ती मैत्रीण नेमकी किती वेगाने धावायची, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

मुलं निवडताना शर्यत लावायची नाही, असंही मी सुचवलं आहे. वाडीवरून, तांड्यावरून चालत येणारी आधी घ्यावीत आणि ज्यांना यायचंच आहे अशी दोन-तीन कितीही हळू धावणारी घ्यावीत. खर्चाचा तपशील समितीकडे दिला आहे, त्यात काटछाट करायची तर बुटांत करा, खुराकात नको. पीटीच्या सरांशी फोनवर बोलले. गुडघे दुखतात, पण शनिवारी येऊन बसेन म्हणाले. आणि त्यांचं ते जुनं स्टॉपवॉच अजून चालतं.